गावाजवळ सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) येणार म्हणतायत? एक्सपोर्ट आणि नोकऱ्यांचे आकडे असे तपासा

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. "मामा, आपल्या भागात सेझ येणार म्हणत्यात, सगळा माल एक्सपोर्ट, पंचवीस हजार पोरं लागणार, मी हितली नोकरी सोडू का?" पोरगं आयटीआय फिटर, कागलकडं एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर आहे. मी विचारलं कुणी सांगितलं, तर म्हणला ग्रुपवर आलंय. मग म्हटलं थांब, आधी मी सांगतो तसं तपास आणि मग सोड नोकरी.

माझं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी, एक व्हीएमसी (ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं) आणि वडलांच्या वेळचं एक लेथ जे अजून विकवत नाही. मधली दोन वर्षं मी एका सेझमधल्या युनिटला माल दिलाय, त्यामुळं हा प्रकार आतून नाही पण गेटपर्यंत तरी बघितलाय. भाच्याला जे तासभर फोनवर सांगितलं तेच इथं जरा नीट टाकतोय, ज्याच्या गावाजवळ अशी बातमी येईल त्याला उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी, जे येणार म्हणतायत ते सेझच आहे का ते बघा. आपल्याकडं लोक शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, सगळ्याला एकाच मापात मोजतात. एमआयडीसी म्हणजे सरकारने रस्ता-पाणी-लाइट देऊन प्लॉट पाडलेली जागा. सेझ म्हणजे कस्टमच्या हिशोबाने परदेश. कंपाऊंडच्या आत कच्चा माल ड्यूटी न भरता येतो, तयार झालेला माल बाहेर जगात जातो, आणि तोच माल गेटबाहेर आपल्या देशात विकायचा म्हटलं तर तो इम्पोर्ट केल्यासारखी ड्यूटी भरावी लागते. म्हणजे आत बनलेला पंप कोल्हापुरात विकायचा तर तो चीनवरून आल्यासारखा धरणार. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं सगळं कळतं.

इतिहास थोडक्यात. १९५९ ला आयर्लंडमध्ये शॅनन विमानतळाशेजारी असला झोन झाला, आपल्याकडं १९६५ ला कांडला, आशियातला पहिला बरं का, चीन तेव्हा कुठं होता! मग १९७३ ला मुंबईत अंधेरीचं सीप्झ. सेझ हा शब्द २००० च्या पॉलिसीपासून आला, कायदा २००५ चा, नियम फेब्रुवारी २००६ चे. आणि हे खूळ फक्त आपलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंक्टाड या व्यापार-विकासाच्या संस्थेने २०१९ च्या रिपोर्टमध्ये मोजलं तर १४७ देशांत मिळून ५४०० च्या आसपास झोन निघाले. एवढे झोन, आणि त्यातले चीनच्या शेन्झेनसारखे गाजलेले किती? बोटावर मोजायचे.

आता तपासायची सुरुवात कागदापासून. सेझ "मंजूर झाला" याचा अर्थ तिथं काही उभं राहिलं असा अजिबात नाही. आधी तत्त्वतः मंजुरी असते, मग फॉर्मल मंजुरी, मग जमीन हातात आल्यावर केंद्राचं नोटिफिकेशन, आणि त्यानंतर आत येणाऱ्या प्रत्येक युनिटला डेव्हलपमेंट कमिशनरकडून (सेझचा सरकारी अधिकारी) वेगळं मंजुरीपत्र. नोकरी देतं ते शेवटचं युनिट, बाकी सगळ्या पायऱ्या जमिनीच्या. म्हणून ग्रुपवर फॉरवर्ड आला की पहिला प्रश्न हाच टाकायचा, की बाबा कुठल्या पायरीवर आहे? वाणिज्य मंत्रालयाच्या सेझच्या वेबसाईटवर याद्या असतात, मंजूर किती, नोटिफाय किती, चालू किती, वेगवेगळ्या. मंजूरच्या यादीत नाव आहे आणि चालूच्या यादीत नाही, तर नोकरी सोडायची नाही. एवढं सोपं.

उगाच घाबरवत नाही. कॅगने २०१४ मध्ये सेझचं ऑडिट केलं तेव्हा नोटिफाय झालेल्या ४५ हजार ६०० हेक्टरपैकी साधारण ६२ टक्के जमिनीवरच काम सुरू झालेलं होतं. बाकी जमीन नुसती पडून, काही ठिकाणी गहाण. आणि रायगडचं तर आपल्याला चांगलं माहितीय. पेण, उरण, पनवेलमधला महामुंबई सेझ, हजारो हेक्टरचा, लाखो नोकऱ्यांच्या गोष्टी. तिथल्या शेतकऱ्यांच्या लढ्यात पुढं होते आपले एन. डी. पाटील सर, हातात काठी, तब्येत साथ देत नसताना. सप्टेंबर २००८ मध्ये तिथल्या २२ गावांत सरकारला जनमत घ्यावं लागलं आणि पुढं तो सेझ काही झाला नाही. त्याच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये बंगालात नंदीग्रामला गोळीबारात १४ माणसं गेली होती, तीपण सेझच्या जमिनीवरूनच. त्यामुळं ज्याची जमीन जाणार आहे त्याने हा लेख वाचण्याआधी वकील गाठावा, दर लेखी घ्यावा, "घरटी एक नोकरी" असं कुणी म्हणत असेल तर ते करारात कुठल्या पानावर आहे ते दाखवायला सांगावं. तोंडी नोकरी म्हणजे निवडणुकीतली नोकरी.

बरं, आता एक्सपोर्टचा आकडा. हा आकडा कायम मोठा असतो आणि कायम अर्धवट असतो.

२००५-०६ मध्ये देशातल्या सगळ्या सेझची मिळून निर्यात होती २२,८४० कोटी. २०१३-१४ मध्ये ती झाली ४ लाख ९४ हजार कोटी. नाद खुळा वाटतं ना! पण जरा उकलून बघा. डिसेंबर २००८ मध्ये जामनगरला सेझमधली रिफायनरी सुरू झाली. बाहेरून क्रूड आणायचं, शुद्ध करायचं, डिझेल-पेट्रोल बाहेर पाठवायचं. निर्यातीचा आकडा डोंगराएवढा, पण त्यातला मोठा भाग आधी आयात केलेल्या क्रूडचाच, आणि रिफायनरी चालवायला माणसं लागतात ती गुंतवणुकीच्या मानानं अगदीच थोडी. दुसरा मोठा हिस्सा आयटीचा, देशातले अर्ध्याहून जास्त सेझ आयटीचेच आहेत, हिंजवडीसारख्या ठिकाणी काचेच्या बिल्डिंगी. त्यातल्या बऱ्याच कंपन्या आधीपासून सॉफ्टवेअर एक्सपोर्ट करतच होत्या, एसटीपीआय म्हणजे सरकारच्या सॉफ्टवेअर पार्क योजनेतली टॅक्स सूट २०११ ला संपली आणि सेझमध्ये पहिली पाच वर्षं शंभर टक्के आणि पुढची पाच वर्षं पन्नास टक्के सूट होती, मग नवीन काम सेझमधून दाखवायला कोण नको म्हणेल? तीच पोरं, तोच लॅपटॉप, फक्त बिल्डिंग बदलली. याला निर्यात वाढली म्हणायचं की निर्यात शिफ्ट झाली म्हणायचं ते तुम्ही ठरवा, मी तर शिफ्ट झाली असंच म्हणतो, सगळी नाही पण बरीचशी.

मग घरच्या घरी तपासायचं कसं? एक साधं उदाहरण घ्या, आकडे माझ्या मनचे आहेत. एका युनिटने १०० रुपयांचा माल बाहेर विकला. त्यासाठी ७५ रुपयांचे पार्ट बाहेरून आणले. देशात राहिले २५. त्यातून लाइट, पगार, भाडं, मालकाचा नफा. दुसरं युनिट ६० रुपयांचाच माल विकतंय पण कास्टिंग शिरोलीतून घेतंय, मशीनिंग उद्यमनगरात, प्लेटिंग, पॅकिंगच्या लाकडी पेट्या सगळं इथलं, आणि बाहेरून आणतंय फक्त १० चं. देशात राहिले ५०. पेपरात हेडलाइन पहिल्याची येणार. सेझच्या नियमात पण अट एवढीच आहे की पाच वर्षांच्या हिशोबात आलेल्या-गेलेल्या परकीय चलनाची बेरीज शून्याच्या वर पाहिजे. किती वर, ते काही नाही, एक रुपया वर असला तरी पास. म्हणून कुणी "इतक्या हजार कोटींची निर्यात" म्हटलं की लगेच विचारायचं, आयात किती? आणि हे युनिट आधी दुसरीकडं चालू होतं का? या दोन प्रश्नांत अर्धी हवा जाते.

अजून एक बघायचं, सवलत कधी संपते. २०११ पासून सेझवर मॅट (सूट असली तरी भरावा लागणारा किमान टॅक्स) लागला तिथंच बऱ्याच बिल्डरांचा उत्साह मावळला, आणि २०२० नंतर मंजुरी मिळालेल्या नव्या युनिटला ती इन्कम टॅक्सची सूट नाहीच. त्यात २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने अमेरिकेच्या तक्रारीवर आपल्या विरोधात निकाल दिला, की निर्यातीच्या अटीवर दिलेल्या या सवलती चालणार नाहीत, भारताने अपील केलं, ते तिकडं लटकलं आणि शेवटी २०२३ मध्ये दोन्ही देशांनी ते भांडण आपसात मिटवलं. भारत फोर्जच्या बाबा कल्याणींच्या कमिटीने २०१८ मध्येच सांगितलं होतं की नुसती निर्यात मोजणं सोडा आणि रोजगाराकडं बघा. पटतं मला. आज जो कोणी सेझमध्ये येतोय तो टॅक्ससाठी नाही तर ड्यूटी, जागा आणि बंदर यासाठी येतोय, आणि असा माणूस टिकायची शक्यता जरा जास्त.

आता नोकऱ्या. भाच्याचा खरा प्रश्न.

पंचवीस हजार हा आकडा ऐकला की आधी विचारा कुठला धंदा? तमिळनाडूत चेय्यारला सेझमध्ये तैवानच्या कंपनीचे बुटाचे कारखाने आहेत, मोठ्या ब्रँडचे बूट शिवतात, हजारोंनी कामगार आणि त्यातल्या बहुतेक बायका, आजूबाजूच्या खेड्यातून बसने येणाऱ्या. शिवणकाम, बूट, दागिने, मोबाईलची जुळणी, याला माणसं लागतात. रिफायनरी, केमिकल, गोडाऊन याला लागत नाहीत. एकरी किती माणूस हे धंद्यावर ठरतं, पाटीवर सेझ लिहिलंय का एमआयडीसी यावर नाही. सीप्झमध्ये पण तसंच, आधी इलेक्ट्रॉनिक्स आणि मग हिऱ्याचे दागिने, म्हणून तिथं माणसं. बांगलादेशात चितगावचा झोन १९८३ चा, कपड्यांचा, लाखो बायका पहिल्यांदा पगार घरी न्यायला लागल्या, ही काही छोटी गोष्ट नाही, पण तिथं झोनमध्ये युनियन करायला कायम अडचण. आपल्याकडं एक गैरसमज आहे की सेझमध्ये कामगार कायदा लागूच नसतो. असतो. सेझ कायद्यातच लिहिलंय की कामगारांच्या बाबतीतल्या कायद्यांतून केंद्र सूट देऊ शकत नाही. पीएफ, ईएसआय, किमान वेतन सगळं लागू. मिळतं का ते वेगळं, पण कायदा नाही असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

मग पुढचा प्रश्न, पगार कुणाच्या पावतीवर? कंपनीच्या रोलवर किती आणि ठेकेदाराच्या रोलवर किती. जाहिरातीतल्या आकड्यात बांधकामावरचे गवंडी, सिक्युरिटी, कॅन्टीन, बसचे ड्रायव्हर सगळे मोजलेले असतात आणि "प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष" असा एक शब्द असतो, तो दिसला की आकड्याला सरळ तीनने भागा, हा माझा घरगुती नियम आहे, कुठल्या पुस्तकात नाही.

आणि टिकणार किती वर्षं? श्रीपेरुंबुदुरला नोकियाचा कारखाना सेझमध्ये होता, २००६ ला सुरू, जगातल्या मोठ्या मोबाईल कारखान्यांपैकी एक, हजारो पोरं-पोरी, सगळ्यांना वाटलं आयुष्याची सोय झाली. स्मार्टफोन आले, कंपनीचा फोनचा धंदा विकला गेला, टॅक्सच्या भांडणात कारखाना अडकला, आणि १ नोव्हेंबर २०१४ ला बंद. आठ वर्षं. तिथल्या पार्ट सप्लायरांचं काय झालं असेल याची कल्पना ज्याने एकाच गिऱ्हाइकावर शॉप चालवलंय त्यालाच येईल. इथिओपियात हवासाला २०१६ मध्ये कपड्यांचा पार्क उघडला, बराच माल अमेरिकेला बिनड्यूटी जायचा, तिकडं यादवी युद्ध झालं आणि जानेवारी २०२२ पासून अमेरिकेने ती सवलत काढून घेतली, झालं. म्हणून विचारायचं, गिऱ्हाईक देश किती? कंपन्या किती? एकच असेल तर नोकरी घ्या, पण घराचं कर्ज वीस वर्षांचं घेऊ नका.

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचंय ते, कंपाऊंडच्या बाहेरची कामं. आफ्रिकेतल्या सेनेगलने १९७४ ला डाकारमध्ये झोन काढला, तो काही चाललाच नाही. लाल फीत, महाग लाइट, आणि आत-बाहेर संबंध नाही. उलट मलेशियात पेनांगला १९७२ मध्ये बायान लेपासचा झोन झाला, इंटेल वगैरे आले. तिथं आजूबाजूला छोटे वर्कशॉपवाले होते, आपल्या उद्यमनगरासारखेच समजा. त्यांनी आधी त्या कंपन्यांची जिग-फिक्स्चर (पार्ट पकडून ठेवायची साधनं) दुरुस्त केली, मग नवीन बनवली, मग स्पेशल मशीनच बनवायला लागले, आणि १९८९ ला कंपन्या आणि सरकार मिळून ट्रेनिंग सेंटर काढलं. आज त्यातले काही स्वतः एक्सपोर्टर आहेत. आणि मॉरिशस घ्या, ते तर आपलंच भावंड, नुसता ऊस आणि साखर. १९७० ला झोनचा कायदा केला पण कंपाऊंडच घातलं नाही, बेटावर कुठंही कारखाना टाका. साखरेवर पैसे कमावलेल्यांनीच कपड्याच्या कारखान्यात पैसे घातले. २००५ पासून कपड्यांच्या निर्यातीवरचा जागतिक कोटा उठला तेव्हा त्यांना मार बसला, पण तोवर देशाने उसावरून मान वर काढली होती. आपल्याकडचा साखरेचा पैसा कुठं जातो यावर मी काही बोलत नाही, जिल्हा छोटा आहे.

लांब कशाला, हायवेने बेळगावकडं निघालात की संकेश्वरच्या पुढं हत्तरगीला टोलनाक्याच्या भागात एक्वस कंपनीचा सेझ आहे, विमानाचे पार्ट बनतात. तिथं फोर्जिंग आत, मशीनिंग आत, सरफेस ट्रीटमेंट पण आत, म्हणजे एक पार्ट सगळ्या प्रोसेससाठी देशभर हिंडायचा तो एकाच कंपाऊंडमध्ये तयार होतो. धंदा म्हणून एक नंबर. पण बाहेरच्या शॉपवाल्याने काय ओळखायचं, तर सगळंच आत होत असेल तर आपल्याला काय उरतं? टूलिंग, गेज, फिक्स्चर, पॅकिंग, मेंटेनन्स. मग तीच तयारी करायची.

सेझला माल द्यायचा असेल तर माझा अनुभव ऐका, फुकट आहे. सेझला दिलेला माल जीएसटीत झिरो रेटेड, म्हणजे शून्य टॅक्सचा, निर्यातीसारखा. युनिट आपल्याच राज्यात असलं तरी बिल आयजीएसटीचं (परराज्यात विकल्यासारखं) करायचं, राज्यातल्या विक्रीचं सीजीएसटी-एसजीएसटी नाही. मी पहिली तीन बिलं चुकीची केली, राज्य तेच म्हणून. वर्ष सुरू होताना एलयूटी (एक हमीपत्र) भरून टाकायची, म्हणजे टॅक्स न भरता बिल करता येतं, नाहीतर आधी भरा आणि मग रिफंडच्या मागं पळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माल गेटमधून आत गेल्यावर बिलाच्या कॉपीवर तिथल्या अधिकाऱ्याचा शिक्का-सही होऊन ती परत आपल्याकडं यायला पाहिजे. माझ्या गिऱ्हाइकाच्या स्टोअरमध्ये माझी अकरा बिलं चार महिने एका ट्रेमध्ये पडून होती. माल वापरून झाला, पार्ट कदाचित समुद्रापार पोचला, आणि इकडं माझा सीए म्हणतोय शिक्का नाही तर ही निर्यात धरणार कशी. शेवटी मीच एक दिवस शॉप बंद ठेवून गेलो, गेटपासची दीड तास वाट बघितली, स्टोअरच्या पोराला चहा पाजला आणि ट्रे उपसून कॉपी शोधल्या, दोन तर हायड्रॉलिक ऑइलने भिजलेल्या. तेव्हापासून पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घेतो, शिक्क्याची कॉपी तीस दिवसांत, नाहीतर पुढचा लॉट नाही. एकदा अडवला पण. चालतं.

आणि हो, एक्सपोर्ट करायला सेझच पाहिजे असं कुठाय? आपल्या फाउंड्र्या कास्टिंग परदेशात पाठवतात त्या काय सेझमध्ये आहेत का? अॅडव्हान्स ऑथोरायझेशन (निर्यातीसाठीचा कच्चा माल बिनड्यूटी आणायची परवानगी) आहे, ड्यूटी ड्रॉबॅक (भरलेली ड्यूटी परत) आहे, ईओयू (निर्यातीसाठीचा कारखाना) आहे, आपल्या आहे त्या शेडमध्ये बसून होतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, आपल्याकडच्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, ती चप्पल घराघरात बनते, तिला कंपाऊंडमध्ये कोंडून काय करणार. तिला पाहिजे चांगलं कातडं, सोल, डिझाइन आणि वेळेत पैसे देणारं गिऱ्हाईक. फाउंड्रीवाल्याला विचारा काय पाहिजे, तो पहिला शब्द लाइटबिल म्हणणार. विजेचा दर परवडेना म्हणून सीमेपलीकडं कर्नाटकात जायच्या गोष्टी आपल्याकडं कितीदा झाल्या, आणि ज्या भागात असल्या साध्या गोष्टी जागेवर नाहीत तिथं सेझची कमान उभारून एक्सपोर्ट वाढत नाही, डाकारवाल्यांना विचारा.

भाच्याला शेवटी एकच काम दिलंय. यादी-बिदी मोबाईलवर बघशील, पण त्याआधी एक दिवस सुट्टी टाक आणि जो सेझ चालू आहे त्याच्या गेटसमोर पहिली शिफ्ट सुटायच्या वेळेला जाऊन उभा राहा. बसवर कुठल्या गावांच्या पाट्या आहेत ते बघ, किती जणांच्या गळ्यात कंपनीचं कार्ड आणि किती जणांच्या गळ्यात ठेकेदाराचं ते मोज, समोरच्या चहाच्या गाड्यावर बस, तिथं पगार, ओव्हरटाइम, ब्रेक देऊन घरी बसवलेली पोरं, सगळं कळतं. येत्या शनिवारी जाऊया म्हणतोय, मी पण येणार आहे, हत्तरगीला एका टूलरूमवाल्याला भेटायचंच आहे. गाडी माझी, टोल त्याने भरायचा असं ठरलंय.